घशातलं नसेचं जुनाट दुखणं: कोणते उपचार, कोणत्या क्रमाने?

शेवंती

माझ्या मोठ्या भावासाठी हा धागा काढतेय. दादा ५४ वर्षांचा आहे. गेले कित्येक महिने त्याचा घसा उजव्या बाजूला, अगदी आत, टॉन्सिलच्या मागे दुखतो. साधी खवखव नाही. आवंढा गिळला, जांभई आली, फोनवर जरा जास्त बोलणं झालं की विजेचा झटका बसावा तशी कळ उठते आणि थेट कानात जाते. दहा-वीस सेकंद तो डोळे मिटून, कानावर तळवा दाबून बसून राहतो. कळ थांबते, पण पुढचा घोट घ्यायची हिंमत होत नाही. मधल्या वेळात फारसं काही दुखत नाही.

सुरुवातीला संसर्ग म्हणून अँटिबायोटिक झालं. मग पित्त घशापर्यंत येतंय म्हणून पित्ताच्या गोळ्या. दुर्बिणीतून घसा बघितला, सगळं स्वच्छ. दाढाही ठीक. शेवटी "ताण घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. रिपोर्ट चांगले आल्याचा आनंद व्हायला हवा, पण दादाला वाटायला लागलंय की आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही. आता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "हे नसेचं दुखणं असू शकेल" म्हणत न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी दिलीय.

भेटीआधी मला नीट समजून घ्यायचंय. अशा दुखण्यावर काय काय उपचार असतात? गोळ्यांनी भागतं का? इंजेक्शन, ऑपरेशन यांची वेळ कधी येते? ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

त्याचं वजन बरंच उतरलंय. मागच्या आठवड्यात बेसिनपाशी उभा राहून पाणी पिताना कळ आली आणि भोवळ येऊन तो खालीच बसला. पोटात काही जात नाही, त्यामुळे अशक्तपणा आला असेल.

माळरान

शेवंतीताई, दादांचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण शब्दन् शब्द माझा आहे. फक्त माझी बाजू डावी. माझं निदान ग्लॉसोफॅरिंजियल न्यूरॅल्जिया, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नवव्या नसेचं दुखणं. जिभेचं मूळ, टॉन्सिलची जागा, घशाची मागची भिंत आणि कानाचा आतला भाग यांची संवेदना ही नस वाहून नेते. म्हणून घशात सुरू झालेली कळ कानात जाते.

दुखणं दुर्मीळ आहे. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचे रुग्ण डॉक्टरांना अधूनमधून भेटतात, याचे क्वचितच. वर्षाला लाखात एकालाही होत नाही असं मला सांगितलं होतं. निदानाला उशीर होतो तो यामुळेही.

माझ्या बाबतीत गाडी पुढे सरकली ती एका साध्या चाचणीने. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिलच्या जागी आणि घशाच्या मागच्या भिंतीला बधिर करणारं लिडोकेन लावलं, काही मिनिटं थांबले आणि म्हणाले, "आता गिळून दाखवा." मी गिळलं. काही झालं नाही. पुन्हा गिळलं. तरी काही नाही. तासा-दोन तासांनी बधिरपणा उतरला आणि कळा परत आल्या, पण कुठली नस बोलतेय ते कळलं होतं. ही चाचणी दवाखान्यातच करायची, घरी स्प्रे आणून नाही. घसा बधिर असताना खाल्लं-प्यायलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मी सध्या ऑक्सकार्बाझेपिनवर आहे, म्हणजे नसेतले चुकीचे संदेश दाबणाऱ्या गोळीवर. कळा संपूर्ण गेल्या नाहीत, पण दिवस माझ्या हातात आला आहे. पोटभर जेवतो, शाळेत शिकवतो.

कर्णिका

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. इथून निदान करता येत नाही, पण शेवंती, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल आधी बोलते. बाकीचं सगळं नंतर.

कळ आली आणि त्याच वेळी भोवळ आली, हे अशक्तपणावर सोडू नका. घशाची संवेदना नेणाऱ्या या नवव्या नसेचीच एक फांदी मानेतल्या रोहिणीजवळून रक्तदाबाची खबर मेंदूला देते. मेंदूच्या बुंध्यात तिचा दहाव्या, म्हणजे व्हेगस नसेशी जवळचा संबंध येतो आणि व्हेगस हृदयाचा वेग कमी करते. काही रुग्णांत कळेचा झटका इतका जोरदार असतो की त्याच्यासोबत हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, रक्तदाब पडतो, क्वचित काही सेकंद ठोका पडतच नाही. माणूस कोसळतो. असं थोड्याच जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांना धोका खरा असतो.

म्हणून न्यूरॉलॉजिस्टच्या तारखेची वाट न बघता ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना "गिळताना कळ आली आणि त्यातच भोवळ आली" असं याच शब्दांत सांगा. २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावतील. तोवर दादांनी बसूनच प्यावं-खावं, एकटं असताना नाही, आणि गाडी चालवू नये. पुन्हा शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत न्या.

याचा गोळ्यांशीही संबंध आहे. या दुखण्यावरचं पहिलं औषध कार्बामाझेपिन. हृदयातल्या विद्युतवहनात आधीच अडथळा असेल तर ते देत नाहीत, कारण अडथळा वाढू शकतो. तेव्हा ईसीजी आधी, गोळी नंतर.

शेवंती

कर्णिकाताई, वाचून हातपाय गार पडले. भोवळीची गोष्ट आम्ही कुठल्याच डॉक्टरांना सांगितली नव्हती, कारण घशाशी तिचा संबंध असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. दादाला घेऊन आत्ताच निघतेय. बाकी प्रतिसाद रात्री वाचते.

धुकं

माझं दुखणं थोडं वेगळं आहे. हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला, बाहेरून बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखायला लागलं. कंठमण्याच्या थोडं वर, बाजूला. तिथे दाबलं की जीव जातो. गिळताना, मोठ्याने बोलताना, मान वळवताना टोचतं आणि उरलेला दिवस आत जळजळ चालू. सोबत कोरडा खोकला, घशात काहीतरी अडकल्याची भावना, सारखं खाकरावंसं वाटणं. हेही बराच काळ पित्तावर ढकललं गेलं.

शेवटी कळलं की त्रास सुपीरियर लॅरिंजियल नसेचा आहे. ही व्हेगसची फांदी, स्वरयंत्राच्या वरच्या भागाला संवेदना देते. काहींना विषाणूजन्य सर्दी-खोकल्यानंतरही हिचा त्रास सुरू होतो. त्या दुखऱ्या बिंदूपाशी बधिर करणारं औषध आणि स्टिरॉइड असं इंजेक्शन दिलं, ज्याला ब्लॉक म्हणतात. सुई बाहेरून, गळ्याच्या कातडीतून जाते. काही मिनिटांत ती जागा शांत झाली. ब्लॉकने दुखणं थांबलं हाच निदानाचा मोठा पुरावा. नंतर काही तास गिळताना जपावं लागतं, कारण एका बाजूची संवेदना गेलेली असते. आराम काही आठवडे टिकला, मग पुन्हा ब्लॉक घेतला, आणि जोडीला रात्री ॲमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा. आता खोकलाही थांबलाय.

निरंजन७

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, साध्या दुखण्यावरच्या गोळ्या यांनी काहीच फरक पडत नाही का? माझ्या बहिणीलाही असंच काहीसं होतंय. औषधांची सवय लागेल म्हणून ती न्यूरॉलॉजिस्टकडे जायला तयार नाही.

कर्णिका

निरंजन, गुळण्या आणि वाफ सुजलेल्या घशाला बरं वाटावं म्हणून असतात. इथे घशाची कातडी ठीक आहे, बिघाड नसेत आहे. उलट गुळणी करताना घशाच्या मागच्या भिंतीला पाणी लागतं आणि त्यानेच कळ सुटू शकते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सूज आणि जखमेच्या वेदनेवर चालतात, नसेच्या वेदनेवर जवळजवळ नाहीत. न्यूरॉलॉजिस्ट देतात ती औषधं नसेतले चुकीचे संदेश दाबणारी असतात. बहुतेकांची नशेच्या अर्थाने सवय लागत नाही. अचानक मात्र थांबवायची नसतात, हळूहळू कमी करायची.

माझ्या मते उपचार निवडण्याआधी दुखण्याची जात ओळखणं निम्मं काम आहे. तुटक, सेकंदांत येऊन जाणारी, गिळणं-बोलणं-जांभई यांनी सुटणारी आणि मध्ये पूर्ण मोकळी वेळ देणारी कळ असेल तर न्यूरॅल्जिया. अशा कळा काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांपर्यंत राहतात आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतात. सतत जळजळ, मुंग्या, बधिरपणा आणि त्यावर अधूनमधून टोचणी असेल तर नसेला इजा झाली असावी: ऑपरेशन, किरणोपचार, विषाणू. पहिल्या जातीला कार्बामाझेपिनसारखी औषधं चांगली लागू पडतात, दुसरीला गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. दोन्हीला एकच नाव देऊन एकच गोळी दिली की रुग्ण म्हणतो, सगळं करून झालं, काही उपयोग नाही.

आणि दुर्बिणीत घसा स्वच्छ दिसला म्हणजे शोध संपला असं नाही. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ बोटाने चाचपायला हवं. तंबाखूचं व्यसन, एका बाजूचा कान दुखतो पण कान निरोगी, मानेत गाठ, थुंकीत रक्त, घन पदार्थ अडकणं, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर आधी कर्करोग नाही याची खात्री करायची. शेवंतीच्या दादांचं वजन खाण्याच्या भीतीने उतरलं असण्याची शक्यता जास्त, तरीही ही खात्री सोडू नये. नवव्या नसेचं हे दुखणं १९१० साली पहिल्यांदा लिहून ठेवलं ते न्यूरॉलॉजिस्ट वायझेनबर्ग यांनी, आणि त्यांच्या त्या रुग्णाला कवटीच्या तळाशी गाठच होती. एमआरआय करतात तो यासाठीही.

चाचपताना आणखी एक गोष्ट हाताला लागू शकते. कानाखालून घशाच्या दिशेने उतरणारं स्टायलॉइड नावाचं सुईसारखं हाड असतं. साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचं. ते लांबलं किंवा त्याचा अस्थिबंध कडक झाला तर आसपासच्या नसांना टोचतं. वॅट ईगल यांनी १९३७ साली हे मांडलं, म्हणून ईगल सिंड्रोम. सीटी स्कॅनमध्ये हाड स्वच्छ दिसतं आणि ते कापून लहान केलं की अनेकांचं दुखणं थांबतं. मात्र हाड लांब असलेल्या बहुतेक लोकांना काहीच त्रास नसतो. स्कॅनमध्ये लांब हाड दिसलं एवढ्यावर ऑपरेशन ठरवायचं नाही, बोटाने दाबल्यावर नेमकी तीच वेदना जागी व्हायला हवी.

उत्तररात्र

मी न्यूरॉलॉजी विभागात काम करतो. औषधांबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण ती मध्येच सोडून देण्याचं प्रमाण फार आहे आणि त्याची कारणं टाळता येण्यासारखी असतात.

कार्बामाझेपिन बहुधा १०० मिलिग्रॅमने, दिवसातून एकदा किंवा दोनदा सुरू करतात आणि दर काही दिवसांनी वाढवतात. वय जास्त असेल तर आणखी हळू. पहिल्या दिवसांत गरगरणं, झोप, तोल जाणं होतं. पायरी सावकाश ठेवली तर बहुतेकांना सोसतं. दुसरं म्हणजे, हे औषध यकृताला स्वतःलाच लवकर निकालात काढायला शिकवतं. त्यामुळे सुरुवातीला छान गुण येतो आणि तीन-चार आठवड्यांनी कळा पुन्हा डोकावतात. रुग्णाला वाटतं औषध संपलं. खरं तर फक्त मात्रा वाढवायची वेळ आलेली असते. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत, सोडियम तपासतात. आशियाई वंशाच्या लोकांसाठी एचएलए-बी १५०२ या जनुकाची तपासणी आवर्जून विचारा. ते असेल तर कार्बामाझेपिनने कातडी सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली ही तपासणी आधी करायला सांगितली. ऑक्सकार्बाझेपिनलाही हीच काळजी घ्यायची. अंगावर पुरळ, सोबत ताप, तोंडात फोड दिसले तर पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

ऑक्सकार्बाझेपिनचा इतर औषधांशी झगडा कमी, पण रक्तातलं सोडियम जास्त उतरवतं. रुग्ण गोंधळल्यासारखा वागायला लागला, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला तर सोडियम बघायचं. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कार्बामाझेपिनने या सगळ्याची गणितं बदलतात. एका औषधाने भागलं नाही तर बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन किंवा गॅबापेंटिन जोडतात. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिनची मात्रा मूत्रपिंडाच्या कामावर ठरते. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं. आधीच गिळायला त्रास असलेल्या माणसाला ते जड जातं, शिवाय काचबिंदू, प्रोस्टेट आणि हृदयाचे ठोके यांकडे बघूनच ते द्यायचं. अफूवर्गातल्या वेदनाशामकांचा या कळांवर भरवसा धरता येत नाही.

गोळी गिळतानाच कळ येते ही तर मोठी अडचण. कार्बामाझेपिन द्रवरूपातही मिळतं, डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कुटून द्यायची नाही. कळा इतक्या वाढल्या की पाणीही जात नाही, तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध आणि काही दिवस नाकातून नळी, हा मार्ग आहे. तहानलेलं राहून घरी सोसत बसू नये.

किनारा

माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालंय, त्याबद्दल लिहितो.

गोळ्यांनी तिला गुण होता, पण मात्रा वाढत गेली तशी ती दिवसभर पेंगायची, शब्द आठवायचे नाहीत. मग खास पद्धतीचा एमआरआय केला. त्यात बारीक नसा आणि रक्तवाहिन्या वेगवेगळ्या दिसतात. मेंदूच्या बुंध्यापाशी, जिथून नववी आणि दहावी नस निघते, तिथे एका रोहिणीचं वळण नसेला टेकलेलं दिसलं. पीआयसीए म्हणतात तिला, आणि बहुतेक रुग्णांत दोषी तीच निघते असं सर्जन म्हणाले. वायरीवरचं आवरण सतत घासून झिजावं तसं नसेचं आवरण त्या ठोक्यांनी झिजतं आणि साध्या स्पर्शाचे संदेश वेदनेच्या वाटेला लागतात.

ऑपरेशनचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन. कानामागे कवटीला छोटं छिद्र करून, सूक्ष्मदर्शकाखाली ती रोहिणी नसेपासून दूर करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा लहानसा गादीसारखा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा चमचाभर पाणी गिळलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने सवयीने कानावर हात नेला, थांबली, आणि हात खाली घेतला. मग स्वतःच दुसरा चमचा मागितला.

त्रास झालाच नाही असं मात्र सांगणार नाही. आवाज बसला होता आणि पातळ पदार्थांनी ठसका लागायचा, कारण शेजारच्या दहाव्या नसेला ऑपरेशनमध्ये थोडा धक्का लागतो. तिचं काही आठवड्यांत सुधारलं, काहींचं कायम राहू शकतं. ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं, पक्षाघात हे धोके सर्जननी समोर बसवून सांगितले होते. मी म्हणेन की गोळ्यांवर माणूस निम्मा झाला असेल तर वर्षानुवर्षं थांबू नका.

माळरान

किनारा, वहिनींना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण माझं मत थोडं वेगळं. हे दुखणं मध्येच महिनोन् महिने, कधी त्याहून जास्त काळ शांत होतं. माझं झालंय. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमीही करता येतात. कवटी उघडण्याआधी गोळ्यांना पूर्ण संधी मिळाली पाहिजे, आणि ती योग्य मात्रेत मिळाली आहे ना हेही बघितलं पाहिजे.

कर्णिका

दोघांचंही बरोबर आहे, फक्त रुग्ण वेगळे. लहान मात्रेवर छान चाललंय, दुष्परिणाम नाहीत, त्याला ऑपरेशनची घाई नको. पूर्ण मात्रेवरही कळा आहेत, किंवा गोळ्यांनी जगणं मंदावलंय, आणि एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकलेली स्पष्ट दिसतेय, त्याने अनुभवी न्यूरोसर्जनला भेटायला उशीर करू नये. मोठ्या अहवालांत या ऑपरेशनने साधारण ८० ते ९० टक्के रुग्णांच्या कळा थांबलेल्या दिसतात. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: नवव्या नसेची अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? ट्रायजेमिनलची खूप केली असतील, ही कमीच असतात. आणि ज्यांना कळेसोबत भोवळ येते त्यांच्यासाठी काटा ऑपरेशनकडे लवकर झुकतो.

रक्तवाहिनी सापडली नाही तर नववी नस आणि दहावीचे वरचे काही धागे कापण्याचा जुना मार्ग आहे. न्यूरोसर्जन डँडी यांनी नवव्या नसेवर तो १९२७ साली वापरला. कळा जातात, पण गिळणं आणि आवाज यांची किंमत मोजावी लागू शकते.

शेवंती

गॅमा नाइफबद्दल कुठेतरी वाचलं. त्यात कापाकापी नाही म्हणतात. आणि सुईने नस जाळण्याचा उपचार असतो तो काय? दादाचा ईसीजी ठीक आला. होल्टर लावलाय. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, त्या अवधीत तो जेवू-बोलू दे, कळ येऊ दे, तेव्हाच नोंद कामाची.

उत्तररात्र

हृदयरोगतज्ज्ञांनी योग्य सांगितलंय. दादांना कळ आल्याची वेळ घड्याळ बघून कागदावर लिहायला सांगा, यंत्राच्या नोंदीशी ती जुळवतात.

गॅमा नाइफमध्ये किरणांचे झोत नस कवटीतून बाहेर पडते त्या बिंदूवर एकत्र आणतात. भूल देऊन उघडणं नाही, त्यामुळे वय किंवा इतर आजारांमुळे ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी चांगला पर्याय. पण गुण लगेच येत नाही, आठवडे-महिने लागतात, आणि बऱ्याच जणांत काही काळाने दुखणं परत येतं. ज्यांना गिळताच येत नाहीये त्यांना इतकी वाट बघणं परवडत नाही.

सुईचा उपचार म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी. उष्णतेने नस निकामी करतात. अडचण अशी की या जागी नववी आणि दहावी नस खेटून असतात, गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्याही तिथेच. दहावीला चटका बसला तर आवाजाची तार लुळी पडू शकते. म्हणून अनेक वेदनातज्ज्ञ स्पंदित पद्धत पसंत करतात, तिच्यात नस जळत नाही, गुण मात्र कमी टिकतो. धुकं यांनी लिहिलेला ब्लॉक नवव्या नसेसाठीही देतात. दादांसारख्या रुग्णात तो ठोक्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या खोलीतच द्यायचा.

स्वरांत

मी वाचा आणि गिळण्याच्या उपचारांचं काम करते. नस बरी करणं माझ्या हातात नाही, पण मधले दिवस सोपे करता येतात.

दुखण्याच्या भीतीने माणूस मान आणि जबडा आवळून गिळतो, घसा सारखा खाकरतो, आवाज दाबून बोलतो. त्याने घशाचे स्नायू वेगळे दुखायला लागतात आणि मग नसेचं दुखणं कुठलं, स्नायूचं कुठलं हे कळेनासं होतं. धुकं यांच्यासारख्या दुखण्यात तर स्वरोपचार हा उपचाराचा मोठा भाग असतो. खाकरण्याऐवजी कोरडा आवंढा किंवा पाण्याचा बारीक घोट, जीभ सैल सोडून नाकाने श्वास, हळू आवाजातलं गुणगुणणं, हे शिकवावं लागतं. न्यूरॅल्जियात मात्र आवंढ्यानेच कळ सुटते, तिथे पहिला सल्ला लागू नाही.

दादांसाठी: औषधाचा असर सर्वांत जास्त असतो ती वेळ ओळखून जेवण तेव्हा ठेवा. फार थंड किंवा फार गरम नको. घास मऊ आणि दमट. डोकं किंचित न दुखणाऱ्या बाजूला झुकवलं तर काहींना घास त्या बाजूने उतरवता येतो, जमलं तर बघा. जेवताना घरच्यांनी त्यांना बोलायला लावू नये. त्यांच्याजवळ पाटी-पेन्सिल किंवा मोबाइल असला की पुरतं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाने हा धागा स्वतः वाचला. माळरान, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला आणि मला म्हणाला, "बघ, अगदी हेच."

होल्टरमध्ये कळेच्या वेळी ठोके मंदावल्याची आणि एकदा काही सेकंदांचा खंड पडल्याची नोंद सापडली. दादाने लिहिलेल्या वेळेशी ती जुळली. त्याला दाखल करून घेतलंय, मॉनिटर लावलाय. लिडोकेनची चाचणी तिथेच झाली, कळ थांबली. एरवी हृदयाचं विद्युतवहन ठीक असल्यामुळे कार्बामाझेपिन द्रवरूपात सुरू केलंय, जनुकाची तपासणी आधी करून. काल त्याने पेलाभर पाणी एका बैठकीत संपवलं. एमआरआय उद्या आहे. न्यूरोसर्जनही बघणार आहेत.

एकच विचारायचंय: एमआरआय साधा करायचा की किनारा म्हणाले तो वेगळा? चिठ्ठीवर फक्त "मेंदूचा एमआरआय" लिहिलंय.

कर्णिका

वेगळा. उद्या सकाळी यंत्रावर जाण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोला आणि चिठ्ठीवर "उजवी नववी-दहावी नस, रक्तवाहिनीचा दाब आहे का" असं लिहून घ्या. फिएस्टा किंवा सीआयएसएस म्हणतात ती पातळ कापांची पद्धत हवी, सोबत रक्तवाहिन्यांची प्रतिमा, आणि गाठ नाही हे पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा ठळक करणारं शिरेतून द्यायचं औषध. त्यासाठी मूत्रपिंडाचा रिपोर्ट जवळ ठेवा. पूर्ण प्रतिमा सीडीवर मागून घ्या, न्यूरोसर्जनला नुसता छापील अहवाल पुरणार नाही. आणि स्कॅनच्या वेळी उताणं पडून आवंढा गिळताना कळ आली तर बेल दाबायची, हे दादांना आणि तंत्रज्ञांना दोघांनाही आधी सांगून ठेवा. ठोक्यांवर नजर ठेवायला कुणीतरी हजर हवं.

शेवंती

लिहून घेतलं. सकाळी मीच बरोबर जातेय.